मंदी निर्यातीची, उपासमार कंत्राटी कामगाराची!

अर्थव्यवस्थेवर संकट आले की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर निर्यातीचे आकडे येतात. किती टक्के घट झाली, किती अब्ज डॉलरचे नुकसान झाले, उद्योजकांच्या संघटनांनी सरकारकडे काय मागितले, हे सारे सविस्तर छापले जाते. पण त्या घटलेल्या टक्क्यांत कोणाच्या घरची चूल विझली, हे कोणी छापत नाही. आंबेडकरी चळवळीने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण ती चूल पुष्कळदा आपल्याच वस्तीतली असते.

2008 सालचेच उदाहरण घेऊ. 15 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक दिवाळखोरीत निघाली. न्यूयॉर्कमधल्या या घटनेचा भोसरी-चाकणशी काय संबंध, असे तेव्हा अनेकांना वाटले. संबंध फार जवळचा होता. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग, फोर्जिंग, कास्टिंग आणि यंत्रे तयार होतात. यातला बराच माल न्हावा-शेवा बंदरातून युरोप-अमेरिकेला जातो. तिकडे कर्ज मिळेनासे झाले, ट्रक आणि मोटारी खपेनाशा झाल्या आणि इकडच्या ऑर्डरी थांबल्या.

ऑक्टोबर 2008 पासून देशाची निर्यात आदल्या वर्षीच्या तुलनेत घटू लागली व सलग वर्षभर घटत राहिली. एप्रिल 2009 मध्ये तर ही घट सुमारे एक तृतीयांश होती. त्या काळात देशाच्या निर्यातीतला सुमारे पाव हिस्सा एकट्या महाराष्ट्राचा मानला जाई. साहजिकच मोठा फटका या राज्याला बसला. त्यात देशातली मागणीही आटली. नोव्हेंबर 2008 मध्ये टाटा मोटर्सने पुण्यातला कारखाना काही दिवस बंद ठेवला आणि 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द पिंपरीच्या चहाच्या टपऱ्यांवर रोजचा झाला.

रुपया घसरला की निर्यात वाढते, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. 2008 च्या सुरुवातीला डॉलर सुमारे 40 रुपयांना होता. मार्च 2009 मध्ये तो 50 च्या पलीकडे गेला. तरीही निर्यात घटली! कारण घेणाऱ्याच्या खिशातच पैसा नव्हता. रुपया घसरल्याने माल खपला नाही. आयात होणाऱ्या वस्तू मात्र महागल्या.

हे कोडे बाबासाहेबांनी 1923 सालीच उलगडून ठेवले होते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, घसरत्या रुपयाने निर्यातदाराला जो नफा होतो तो परदेशातून येत नाही. किमती वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणून तो नफा इथल्याच मजुराच्या तोंडचा घास असतो. पुढे 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी मजुरी करून जगणाऱ्यांचे हित समोर ठेवले. चलनाच्या दराकडे मजुराच्या बाजूने पाहणारा हा अर्थशास्त्रज्ञ होता. आपण त्यांच्या जयंतीला या ग्रंथाचे नाव घेतो. पण त्यातला प्रश्न कारखान्याच्या गेटवर नेत नाही.

सरकारने तेव्हा काय केले? डिसेंबर 2008 ते फेब्रुवारी 2009 या काळात तीन पॅकेजे जाहीर झाली. अबकारी कर कमी केला. कापड, चामडे, दागिने अशा क्षेत्रांतल्या निर्यातदारांना कर्जाच्या व्याजात दोन टक्क्यांची सवलत दिली. उद्योग वाचावा याला कोणाचाच विरोध नाही. पण सवलत घेणाऱ्याने कामगार कमी करू नयेत, एवढी साधी अट घालायला काय हरकत होती? केंद्राच्या लेबर ब्युरोच्याच पाहणीनुसार ऑक्टोबर ते डिसेंबर 2008 या तीन महिन्यांत सुमारे 5 लाख रोजगार गेले आणि अंगमेहनतीच्या कंत्राटी कामगारांना त्याची झळ जास्त बसली.

असे का झाले, याचे उत्तर कायद्यात आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, 50 वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळत असे. पण त्यासाठी त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असावे लागे. कंत्राटी कामगाराचे नाव ठेकेदाराच्या पटावर! 2001 मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असा निर्णय दिला. 2002 मध्ये त्याच न्यायालयाने 240 दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावरच टाकली. हातात कागद नसलेला माणूस ते कसे सिद्ध करणार?

2009 च्या सुरुवातीला, मी नवखा वकील असताना, दापोडीच्या वस्तीतला एक तरुण माझ्याकडे आला. वडील 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेले. भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याने तीन वर्षे एकाच मशीनवर काम केले होते. एका सकाळी गेटवर त्याला सांगितले, "उद्यापासून येऊ नको, परदेशचा माल बंद आहे." तीन वर्षांत त्याच्या कागदांवर चार ठेकेदारांची नावे, दरवेळी 240 दिवस भरण्याआधी ब्रेक. वेतनचिठ्ठी एकही नाही. पुराव्याला होते एक फाटका गेटपास आणि विम्याचे कार्ड. तडजोडीत काही हजार रुपये मिळाले. काम मिळाले नाही. 2010 मध्ये कारखान्याच्या पाळ्या पुन्हा भरल्या. त्या मशीनवर नवा मुलगा उभा राहिला, कमी पगारावर.

देशाची निर्यात 2008-09 मध्ये सुमारे 185 अब्ज डॉलर होती. पुढच्या वर्षी ती 179 अब्जांवर आली आणि 2010-11 मध्ये 250 अब्जांवर गेली. आकडा दोन वर्षांत सावरला. दापोडीचा तो तरुण सावरला नाही. मंदीचा धक्का मधल्या मध्ये झेलण्यासाठीच जणू कंत्राटी कामगार ठेवलेला असतो. खासगी कारखान्याच्या गेटवर आरक्षण थांबते, आणि ठेकेदाराचे दार मात्र आपल्या पोरांसाठी सताड उघडे असते.

ही जुनी गोष्ट नव्हे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले, तेव्हा सोलापूरच्या टॉवेलपासून सीप्झच्या दागिन्यांपर्यंत तीच धास्ती पसरली. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला चार कामगार संहिता लागू झाल्या. छाटणीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. मधल्या आकाराच्या कारखान्यांतला कायम कामगारही आता उघड्यावर आला आहे.

परंतु या संहितांत नियुक्तिपत्र सक्तीचे झाले आहे. ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची मूळ मालकाची जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, ती नव्या संहितेतही कायम आहे. हे हत्यार वापरायचे तर कागद हवा. म्हणून नियुक्तिपत्र मागा, वेतनचिठ्ठी मागा, गेटपासची झेरॉक्स ठेवा, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक लिहून ठेवा. आणि कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारचे दोन तास या कामासाठी ठेवा. एक वही, एक टेबल, चार शिकलेली मुले एवढे पुरे. पुढची मंदी येईल तेव्हा आपला माणूस न्यायालयात फाटका गेटपास घेऊन उभा राहता कामा नये.