जयंती आली, कॅसेट आली का?

ज्वारीची खळी उरकली, रास घरात पडली की औशाच्या आमच्या वस्तीत दोनच गोष्टींची चर्चा सुरू होई. एक, जयंतीच्या वर्गणीची. दुसरी, नव्या कॅसेटची. वर्गणीवरून भांडणे होत, कॅसेटवरून मात्र कधी झाली नाहीत. "आली का रं?" एवढेच विचारले तरी काय आली ते समोरच्याला कळत असे.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही सांगतो आहोत ते 1990 च्या आसपासचे. तेव्हा सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट औशाच्या दुकानातही मिळे, पण भीमगीतांची नवी कॅसेट आधी लातूरला येई. गंजगोलाईतल्या दुकानांच्या दाराला निळे पोस्टर लागले की लातूरला बाजाराला गेलेला कोणीतरी संध्याकाळच्या एस.टी.ने ती बातमी घेऊन येई. मग मंडळाचा एक तरुण दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन जाई. पंचवीस-तीस रुपयांचे काम, म्हणजे शेतात जाणाऱ्या बाईची दीड-दोन दिवसांची मजुरी. कधी तो रिकाम्या हाताने परते. "परवा येणार म्हनलाय दुकानदार." झाले, वस्ती पुन्हा दोन दिवस वाट पाहणार.

आमचा लाडका गायक आनंद शिंदे. आजीचा लाडका त्यांचे वडील, प्रल्हाद शिंदे. घरात यावरून रोज जुंपे. आजी म्हणे, "बापाच्या गळ्याची सर लेकराला न्हाई." आम्ही म्हणू, आनंद-मिलिंद यांच्या गाण्यावर पाय थांबतच नाहीत. ऐंशीच्या दशकात आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने सारा महाराष्ट्र नाचवला. लग्नाच्या वरातीत ज्यांनी आमच्या घरचे पाणी कधी घेतले नसते तेही त्यावर नाचले. त्याचा आम्हाला कोण अभिमान! पण खरी वाट आम्ही पाहत असू ती एप्रिलची. तोच आवाज आमच्या बाबांचे नाव घेणार, आणि तेही भोंग्यावरून, साऱ्या गावाला ऐकू जाईल असे.

वडिलांना मात्र एक गोष्ट खटके. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली पंढरीच्या वारीची आणि सत्यनारायणाची गाणी गावातल्या देवळांवर पहाटेपासून लागत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातल्या गायकाने हे का गावे, असा वडिलांचा सवाल. त्या कॅसेटी आमच्या घरात आल्या नाहीत. आजी मात्र भाकरी थापताना कधीकधी त्यातलीच चाल गुणगुणे आणि वडिलांची चाहूल लागताच गप्प होई. आमचे मत विचाराल तर, कलावंताला पोट असते आणि कंपनीला बाजार असतो. ज्या देवळाच्या पायरीवर आमच्या पणजोबांना उभे राहता आले नाही त्या देवळाची पहाट आमच्याच माणसाच्या आवाजाशिवाय होत नव्हती. वडिलांना हे मत कधी पटले नाही. ते असो.

कॅसेट हाती आली की आधी कव्हर पाहायचे. वर निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेब, खाली कोपऱ्यात गोल चौकटीत गायकाचा फोटो. आत घडी घातलेला कागद, त्यावर गाण्यांची यादी. कागद एकच आणि वाचणारे दहा, म्हणून शाळेत जाणाऱ्या पोराने उभे राहून मोठ्याने वाचायचे. ज्यांच्या घरी मोठा टेप होता त्यांच्या अंगणात सतरंजी पडे. पहिल्यांदा ऐकताना कोणी बोलायचे नाही, हा अलिखित नियम. साईड ए संपली, खटका पडला की मगच बायका बोलत. "तिसरं गाणं चांगलंय." "म्युझिक लई झालंय, शब्द कळंना." अशी परीक्षणे आम्ही पुढे कोणत्याही वर्तमानपत्रात वाचली नाहीत.

ही वाट पाहण्याची सवय कॅसेटने लावली हे खरे, पण गाण्याची सवय त्याआधीची. 1930 च्या दशकात नाशिककडचे शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले. बाबासाहेबांचे विचार ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ते ऐकता आले. त्यानंतर वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी 1922 साली जन्म, अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत कष्ट करताना, आणि 1943 पासून लिहायला लागले ते अखेरपर्यंत. हजारो गाणी लिहिली. त्यातली किती छापली गेली, किती कोणाच्या वहीत राहिली आणि किती हवेत गेली! मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांवर या गाण्यांना फारशी जागा मिळत नसे. कॅसेट स्वस्त, यंत्र स्वस्त, कंपन्याही छोट्या छोट्या निघाल्या, म्हणून ऐंशीच्या दशकात आमचा गायक आमच्या अंगणात आला.

आता 1994 सालच्या जयंतीबद्दल सांगतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास आमच्याच औसा तालुक्यातले किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती अंगावर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आमची थोरली मावशी त्याच भागातली. ती वाचली, तिचा मुलगा वाचला, काका गेले. पुढचे कितीतरी महिने मावशी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. थंडीत पत्रा गार पडे आणि मार्चपासून तापे.

त्याच हिवाळ्यात, 25 नोव्हेंबर 1993 रोजी, नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला होता 27 जुलै 1978 रोजी. त्यानंतर पेटलेल्या गावांची, जळालेल्या घरांची आणि नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळे यांच्या खुनाची हकिकत आमच्या पिढीने घराघरांत ऐकली आहे. साडेपंधरा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 रोजी, नामविस्तार झाला. आनंद करावा तर घरात सुतक, आणि सुतक पाळावे तर इतक्या वर्षांनी आलेला आनंद. अशा मनःस्थितीत एप्रिल आला.

मावशीला जयंतीला औशाला आणले. ती फारशी बोलत नसे. पण नव्या कॅसेटचा विषय निघाला तेव्हा तिने विचारले, "त्यात आपल्या पोचिरामाचं नाव हाय का? त्या नांदेडच्या पोराचं?" तोवर आम्ही म्युझिकची आणि आवाजाची वाट पाहत होतो. कोणाचे नाव गाण्यात येते याची वाट पाहणारी ती पहिलीच.

त्या साली वर्गणी भूकंपग्रस्तांसाठी गेली होती. नवी कॅसेट विकत घ्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. मग जे सगळे करत तेच आम्ही केले. एका ओळखीच्याकडून कोरी कॅसेट भरून आणली. हे आज कबूल केलेले बरे. भरलेल्या कॅसेटचे पैसे ना गायकाला जात, ना वाजवणाऱ्याला. लिहिणाऱ्याला तर मुळातच फार मिळत नसत. ज्यांची गाणी आम्ही डोक्यावर घेतली त्यांच्या ताटातले आम्हीच कमी करत होतो, आणि तेव्हा आम्हाला त्यात काही गैर वाटलेही नाही.

संध्याकाळी अंगणात कॅसेट लावली. नामांतराचे गाणे होते, शहिदांचे होते. मावशी पदर तोंडाला लावून ऐकत होती. शेवटच्या कडव्याला सुरुवात झाली आणि फीत संपली. खटका पडला. भरून देणाऱ्याने साठ मिनिटांच्या फितीत मावेल तेवढे भरले होते. मावशी म्हणाली, "कुणी लिवलंय?" कोणालाच सांगता आले नाही, कारण कव्हर नव्हते, कागद नव्हता, आणि नाव तर शेवटच्या कडव्यात होते.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी हे सांगायला हवे. आमच्या गाण्यांत कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. संतांच्या अभंगांत, शाहिरांच्या पोवाड्यांत हीच रीत. वामनदादांच्या गाण्यात शेवटी वामन भेटतो. ज्याला छापील पुस्तक नाही, रेडिओवर निवेदक ज्याचे नाव घेत नाही, त्याने आपले नाव गाण्यातच ठेवले. कोणी तोंडपाठ केले तरी नाव सोबत जाणार. त्यामुळे भीमगीत शेवटपर्यंत ऐकावे लागते. अर्ध्यावर बंद केले की कवीचे नाव पुसले जाते.

आणि आज नेमके तेच होते आहे. मिरवणुकीत डीजेवाला दोन कडवी झाली की पुढच्या गाण्यावर उडी मारतो. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरतात. ध्रुवपद सगळ्यांना पाठ, कवी कोणालाच माहीत नाही. आम्ही डीजेच्या विरोधात नाही. पोरांनी नाचावे, नाचण्याचा हक्कही लढून मिळवावा लागला आहे. पण मंडळाने एवढे तरी सांगावे की रात्री मंडपात बसून ऐकायची गाणी पुरी लावा.

2004 साल आमच्या घराला विसरता येत नाही. 15 मे रोजी वामनदादा गेले, 23 जूनला प्रल्हाद शिंदे. लिहिणारा आणि गाणारा, दीड महिन्याच्या आत. आजीने त्या दिवशी टेप लावू दिला नाही. वडील मात्र संध्याकाळी स्वतः उठले आणि म्हणाले, "लावा, काय लावायचं ते." आजीने पंढरीचे गाणे मागितले नाही. भीमाचेच मागितले.

आता शिंदे घराण्याची तिसरी पिढी गाते आहे. 2019 साली दूरदर्शन संचावर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली, तिचे शीर्षकगीत आदर्श शिंदे यांच्या आवाजात घराघरांत पोहोचले. एकतारी घेऊन गाणाऱ्या औरंगाबादच्या कडूबाई खरात मोबाईलमुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाल्या. कोणत्याही कंपनीने एरवी त्यांना बोलावले असते का, याची आम्हाला शंकाच आहे. तेव्हा यंत्राला नुसती नावे ठेवून चालणार नाही.

आमची पुतणी लातूरला कॉलेजात आहे. तिचा लाडका आदर्श. मार्च लागला की तीही वाट पाहते, फक्त गंजगोलाईला जात नाही. गाणे कोणत्या दिवशी किती वाजता येणार ते तिला मोबाईलवर आधीच कळते. मागच्या एप्रिलमध्ये ती रात्री जागत बसली आणि गाणे आल्या आल्या सगळ्यांना उठवले. मावशी आता फार थकली आहे, तिला कमी ऐकू येते. पुतणीने मोबाईल तिच्या कानाशी धरला. गाणे संपले. मावशीने विचारले, "कुणी लिवलंय?"

पुतणी म्हणाली, "आदर्श शिंदेंचं आहे, आजी."

"गायलंय त्येनं. लिवलंय कुणी?"

पुतणीने पडद्यावर बोट फिरवत खाली खाली नेले. बारीक अक्षरांत बरीच नावे होती, त्यात ते एक सापडले. तिने ते मोठ्याने वाचले. मावशीला नीट ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा एकदा वाचले.