वेळ लिहिलीत तर 'हॅव' नको

रविवारी सकाळी वैतरणा स्टेशनजवळ मी इंग्रजीचा वर्ग घेतो. येणारी मुलं बहुतेक बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीतली, केमिकल नाहीतर फार्मा कंपनीत शिफ्टला जाणारी. त्यांना फाडफाड इंग्रजी बोलायचं नसतं. लॉगबुक असं लिहिता यायला हवं की पुढच्या शिफ्टवाल्याने घरी फोन करून 'नक्की काय केलंस?' विचारू नये.

त्यामुळे फळ्यावर राम आणि आंबा येत नाहीत, व्हॉल्व्ह येतो. एकाने लिहिलं, 'आय हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह ॲट टू फिफ्टीन.' मागून आवाज आला, "सर, बरोबरच आहे ना? मी सव्वादोनला बंद केलाय!" मराठीत अगदी बरोबर. आपण बिनदिक्कत 'मी कालच आलोय' म्हणतो. इंग्रजीला मात्र हे खपत नाही. 'हॅव क्लोज्ड' म्हणजे बंद केलाय, आणि त्याचा परिणाम या घडीला आहे. कधी केला, हे त्या वाक्यात सांगायचंच नाही. 'सव्वादोन', 'काल', 'गेल्या सोमवारी' आलं की नुसतं 'क्लोज्ड'.

दुसरी खोड याहून चिवट. 'मी काल पालघरला गेलो होतो'चं सरळ 'आय हॅड गॉन' होतं. मराठीतला हा 'होतो' एकटा उभा राहतो. इंग्रजीतल्या 'हॅड'ला मागाहून घडलेली दुसरी गोष्ट लागते. पंप सुरू झाला, त्याआधी व्हॉल्व्ह बंद केला होता, तिथे 'हॅड' शोभतो. आणि 'मी २०१९पासून इथे काम करतोय' याचं 'आय ॲम वर्किंग' न होता 'आय हॅव बीन वर्किंग' होतं, हे ऐकून वर्ग दर वेळी वैतागतो. रशियन माणूसही इथेच अडतो. त्याच्या भाषेत भूतकाळ एकच. काम पुरं झालं की चालू होतं, हे क्रियापदांच्या जोडीतलं योग्य ते निवडून सांगायचं. तेव्हा हा दोष पालघरच्या पाण्याचा नव्हे.

मराठीचं व्याकरण १८३६ साली लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांचं घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खडचं, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातलंच. इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. काळांची नावं त्या साच्यातून घेता आली, तरी ते वापरायच्या सवयी आपल्याच राहिल्या.

काळाची ही चूक नुसती मार्कांपुरती नाही. 'व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड' एवढंच वाचून रात्रपाळीला कळत नाही की तो अजून बंद आहे की मधे कुणी उघडला. ६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर, दुरुस्तीसाठी सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला पंप रात्रपाळीने चालू केला. त्या दुर्घटनेत १६७ माणसं गेली. तिथे काळ चुकला नव्हता, शिफ्ट बदलताना निरोपच पोहोचला नव्हता. पण निरोप अर्धवट पोहोचला तरी धोका तोच.

म्हणून वर्गात मी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा थोडी वेगळी वाट सांगतो. लॉगबुकात 'हॅव'च्या भानगडीत पडूच नका. वेळ टाका, साधा भूतकाळ लिहा, आणि पुढे वेगळ्या वाक्यात आत्ताची स्थिती: 'क्लोज्ड ॲट टू फिफ्टीन. स्टिल क्लोज्ड ॲट हँडओव्हर.' 'हॅव' ठेवा साहेबांना तोंडी सांगायला, आणि तेव्हा घड्याळाकडे बघू नका.