लालबागेतले बिडाचे घर

लालबाग म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना मुंबईचा गणपती आठवतो. पण घरातले पोरगे नोकरीसाठी बेंगळुरूला गेले की दुसरे लालबागही ओळखीचे होते. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथल्या ‘गाजिन मने’त, म्हणजे काचघरात, पुष्पप्रदर्शन भरते. गर्दी अशी की फुलांपुढे फोटो काढेपर्यंत माणूस पुढे ढकलला जातो. मान वर करून छप्पर पाहणारा विरळाच. खरे तर फुले चार दिवसांची, पाहायचे ते घर.

बाग हैदरअलीच्या काळातली, १७६० मध्ये सुरू झालेली. काचघर मात्र व्हिक्टोरिया राणीच्या जमान्याचे. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी राणीचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. बागेचे प्रमुख तेव्हा जॉन कॅमेरॉन होते. (आपल्या सांबारातली सीमे बदनेकाई बेंगळुरूत रुजवण्याचे श्रेयही याच गृहस्थांना देतात.) नमुना होता लंडनचा १८५१ सालचा क्रिस्टल पॅलेस, आणि तो उभारणारा जोसेफ पॅक्स्टन हा मुळात माळी होता!

त्या काळी विलायतेत बागेतले मंडप, कारंजी, बँडस्टँड, कठडे हे सारे ओतीव लोखंडाचे करण्याची हौस होती. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीचा तर जाडजूड कॅटलॉगच असे. चित्र पाहून नंबर कळवायचा, की खांब, कमानी, वेलबुट्टी असे सुटे भाग बोटीने रवाना. ते जागेवर बोल्टांनी जोडायचे. लालबागेतले लोखंडही याच कारखान्यातून आले. म्हणजे ही नाजूक जाळी कुण्या कारागिराने घडवलेली नाही. लाकडाचा एक साचा कोरायचा, तो वाळूत दाबायचा आणि त्या ठशात रस ओतत राहायचे. एकसारखी पाने हवी तितकी!

या लोखंडाला आपण बीड म्हणतो. डोशाचा तवा, आपल्या घरातली ‘कावली’, तीच धातू. वजन कितीही टाका, सोसते. हातून फरशीवर पडली की मात्र दोन तुकडे. दाब सोसायचा, ताण नाही, हा बिडाचा स्वभाव. म्हणून त्याचे खांब बारीक असूनही भार पेलतात. दगडी मंडपाला जिथे जाड खांब लागले असते तिथे इथे नजर आरपार जाते.

विलायतेत काचघर बांधायचे ते ऊब कोंडून ठेवण्यासाठी, थंडीत झाडे जगावीत म्हणून. बेंगळुरूत ऊब कोंडण्याची गरजच काय? त्यामुळे इथे काच मुख्यतः छपरावर आणि खाली मोकळ्या कमानी. नाव काचघर, काम मांडवाचे. परका नमुना आपल्या हवेला असा जुळवून घेतला, हे मला त्या साऱ्या नक्षीपेक्षा मोठे वाटते.

पुढे जागा अपुरी पडू लागली आणि १९३५ मध्ये पूर्वेकडे नवा भाग जोडला गेला. या वेळी बोटीची वाट पाहावी लागली नाही. सर विश्वेश्वरय्यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या भद्रावतीच्या कारखान्याचे पोलाद वापरले. त्यामुळे पूर्वेकडच्या टोकापासून पश्चिमेकडे चालत गेलात, तर म्हैसूर संस्थानच्या पोलादाखालून निघून ग्लासगोच्या बिडाखाली पोहोचता. पुष्पप्रदर्शनाचे दिवस सोडून एखाद्या साध्या सकाळी जावे, म्हणजे निवांत पाहता येते.

जपायचे ते मात्र बीडच. पोलाद वाकले तर सरळ करता येते. बिडाला तडा गेला की साधे वेल्डिंग नीट धरत नाही, आणि सॅरासेन फाउंड्री तर १९६७ मध्येच बंद झाली. आता नंबर कळवून पान मागवायची सोय नाही. एखादे तुटले, तर शेजारचे शाबूत पान उतरवायचे, वाळूत त्याचा ठसा घ्यायचा आणि इथल्याच एखाद्या ओतकाम करणाऱ्याकडून ते नव्याने ओतून घ्यायचे.