एंजिन जखडणे, जुन्या मोटारगाडीतील

दीर्घकाळ बंद ठेवलेल्या मोटारगाडीच्या एंजिनातील हलते भाग गंज, वाळलेले वंगण किंवा कार्बनाचे साठे यांमुळे एकमेकांस चिकटून त्याचा भुजादंड फिरेनासा होणे, यास एंजिन जखडणे म्हणतात. कारागिरांच्या बोलीत यालाच ‘एंजिन जाम होणे’ किंवा ‘सीझ होणे’ असे म्हणतात. चालू एंजिन वंगणाच्या अभावी अथवा अतितापामुळे जखडते, तेव्हा घासणारे पृष्ठभाग ओरखडलेले वा एकमेकांस अंशतः सांधले गेलेले असतात. उभ्या गाडीच्या एंजिनात मात्र बहुधा गंजाचा पातळ थर हाच अडथळा असतो व त्यामागील भाग मुळात शाबूत असू शकतात. म्हणून या दुसऱ्या प्रकारात बळापेक्षा धीर अधिक उपयोगी पडतो.

कारणे : चार सिलिंडरांच्या एंजिनात भुजादंड कोठेही थांबला, तरी एक सिलिंडर अंतर्ग्रहणाच्या व दुसरा निष्कासाच्या धावेत असतो. त्यांच्या झडपा उघड्या राहिल्याने बाहेरील दमट हवा आत शिरते. यामुळे सर्व सिलिंडर सारखे गंजत नाहीत. पुष्कळदा एक किंवा दोनच सिलिंडर संपूर्ण एंजिन अडवून धरतात. सिलिंडर बिडाचा असून दट्ट्या म्हणजेच पिस्टन व त्याभोवतीचे धातूचे बोळ यांतील अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांइतकेच असते. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. साहजिकच अल्प गंजानेही हे अंतर भरून दट्ट्या पाचरीसारखा घट्ट बसतो. दट्ट्या ॲल्युमिनियमाचा असल्यास त्यावर पांढरी भुकटी जमते व तीही बंधन वाढविते. जुन्या वंगण तेलात ज्वलनातून आलेली अम्ले व पाणी साठलेले असते. त्यामुळे धारव्यांचीही झीज होते.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती : येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो, तर उन्हाळा कडक व कोरडा असतो. पावसाळ्यात रात्री थंड झालेल्या जड बिडाच्या ठोकळ्यावर सकाळच्या दमट हवेतील बाष्प द्रवरूप होऊन जमते आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीची बारीक धूळ उघड्या नळ्यांतून आत जाऊन उरल्यासुरल्या तेलाचा चिकट लगदा होतो. जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव इ. भागांत, भूजल क्षारयुक्त असते. असे पाणी शीतकात वापरून गाडी तशीच उभी ठेवल्यास सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत क्षारांचे थर बसतात व बीड आतून पोखरले जाते. अशा गाडीत दट्ट्या सुटण्यापूर्वीच ठोकळ्यास भेग पडलेली असण्याची शक्यता तपासावी लागते. विहिरींवरील तेल एंजिने हंगामाबाहेर बंद राहून अशीच जखडतात व ती सोडविण्याचे तंत्र तत्त्वतः हेच आहे.

परीक्षण : जखडणे एंजिनातच आहे, याची प्रथम खात्री करतात. विद्युत् घटाची जोडणी काढून गाडी ‘न्यूट्रल’मध्ये ठेवतात, पंख्याचा पट्टा काढतात आणि अडकलेले आरंभक चक्र सोडवितात. पाण्याचा पंप, डायनामो किंवा गंजून चिकटलेला क्लच यांमुळेही भुजादंड फिरत नाही, असा भास होतो. नंतर सर्व प्लग काढून त्यांच्या छिद्रांतून बारीक दिव्याने आतील गंज व पाणी पाहतात. झडपा त्यांच्या दांड्यांत अडकलेल्या असल्यास त्या आधी मोकळ्या करतात. अन्यथा भुजादंड फिरताच शीर्षझडपी एंजिनातील ढकलदांडे वाकतात. या टप्प्यावर आरंभक मोटर चालविणे किंवा गिअरमध्ये गाडी ओढणे टाळावे. त्याने प्रचक्राचे दाते तुटतात व संयोगदांडा वाकतो.

सोडविण्याच्या पद्धती : (१) मुरणारे तेल : तळाच्या पात्रातील जुने तेल काढून प्रत्येक सिलिंडरात प्लगच्या छिद्रातून पातळ तेल ओततात. रॉकेल वा डीझेल व एंजिन तेल यांचे मिश्रण, तसेच स्वयंचलित गिअरपेटीचे तेल व ॲसिटोन यांचे समभाग मिश्रण, ही प्रचलित आहेत. दुसरे मिश्रण अतिज्वालाग्राही असून रंग व रबर यांना मारक असते. तेलाची पातळी दररोज पाहून भर घालतात. ती हळूहळू उतरू लागणे, हे तेल बोळांपलीकडे झिरपत असल्याचे चांगले लक्षण होय. यास काही दिवसांपासून काही आठवडे लागतात.

(२) उष्णता : पाण्याच्या पोकळीत गरम पाणी भरल्यास सिलिंडर दट्ट्याआधी प्रसरण पावतो. ९५ मिमी. व्यासाचा बिडाचा सिलिंडर ३०° से. वरून ९०° से. पर्यंत तापविला, तर व्यास सुमारे ०.०६ मिमी.ने वाढतो. ही वाढ मूळ अंतराशी तुलनीय असल्याने गंजाचे बंध तुटतात व तेल आत ओढले जाते. तापविणे व थंड करणे पुनःपुन्हा करतात. ॲसिटोन वापरले असल्यास ते पूर्ण निघून गेल्याशिवाय उष्णता देऊ नये, तसेच ज्वाला जवळ आणू नये.

(३) यांत्रिक बल : भुजादंडाच्या टोकावरील नटाला लांब पाना लावून दोन्ही दिशांना सावकाश ताण देतात, उलट दिशेला नट सैल होणार नाही, हे पाहतात. प्रचक्रावर खडूची खूण केल्यास सूक्ष्म हालचालही कळते. एक-दोन अंश हालचाल झाली की पुन्हा तेल देऊन मागेपुढे झुलवितात, एकाच दिशेने रेटत नाहीत. डोके काढावे लागल्यास दट्ट्यावर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून कडेच्या बाजूस हलके ठोके देतात. ठोके धावेच्या मध्यावरील दट्ट्यालाच द्यावे लागतात. वरच्या वा खालच्या टोकाशी असलेल्या दट्ट्यावरील आघात भुजादंडाला फिरवीत नाही, केवळ धारव्यांना दुखापत करतो.

(४) द्रवीय दाब : दोन्ही झडपा बंद असलेल्या सिलिंडरात प्लगच्या जागी जोड बसवून ग्रीस दाबाने भरतात. ९५ मिमी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सु. ७१ चौ. सेंमी. असल्याने ३० किग्रॅ./चौ. सेंमी. दाबालाही त्यावर दोन टनांहून अधिक बल येते. म्हणून ही पद्धत शेवटची मानतात.

सुटल्यानंतर : एंजिन फिरले म्हणजे ते चालविण्यास योग्य झाले, असे नव्हे. तळाचे पात्र उघडून गाळ काढणे, बोळ, सिलिंडर व धारवे मोजणे, तेलमार्ग साफ करणे, इंधनटाकी व शीतक धुणे ही कामे करतात. प्लग काढलेल्या अवस्थेत हाताने फिरवून तेल सर्वत्र पोहोचल्याची खात्री झाल्यावरच एंजिन सुरू करतात.

मूळ एंजिनाचे महत्त्व : फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) यासारख्या गाड्यांचे भाग भारतात सहज मिळत नाहीत. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जुळणी सुरू केली; तेथील अमेरिकी गाड्यांचीही तीच स्थिती आहे. पूर्वी इंधनखर्च वाचविण्यासाठी अनेक जुन्या गाड्यांत डीझेल एंजिने बसविण्यात आली आणि मूळ एंजिने मोडीत गेली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीनंतर ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली खाजगी वाहने ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्रपणे नोंदविता येतात. परंतु सांगाडा, कवच वा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. एका घाईच्या ठोक्याने फुटलेला ठोकळा त्यामुळे केवळ दुरुस्तीचा खर्च वाढवीत नाही, तर त्या गाडीचे मूळ रूपच कायमचे नाहीसे करतो. [→ अंतर्ज्वलन-एंजिन; गंजणे; वंगण].