पुसेगावचं पसगव

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यात पुसेगाव आहे. सेवागिरी महाराजांचं पुसेगाव ते नव्हे. ते साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं. म्हणून वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये गावासोबत जिल्हाही विचारावा लागतो. पण त्याआधी गावाचं नाव तरी धड उरायला हवं.

फॉर्ममध्ये लोक वाटेल ते भरतात: कंस, चांदण्या, इमोजी. हा केर काढायला प्रोग्रामर रेग्युलर एक्स्प्रेशनमधला नकारी वर्ग वापरतात. जे ठेवायचं ते चौकटी कंसात लिहायचं आणि कंस उघडल्याबरोबर ^ ही खूण, म्हणजे कॅरेट, टाकायची. अर्थ असा, की यात नसेल ते सगळं पकड. [^0-9] म्हणजे अंकांखेरीज सगळं. पकडलेलं पुसून टाकलं की मोबाइल नंबरमधल्या रेघा आणि मोकळ्या जागा जातात. मात्र कुणी नंबर देवनागरी अंकांत भरला असेल, तर अख्खा नंबरच गुल!

मराठी नावासाठी चटकन सुचतं ते [^अ-ह]. अ पासून ह पर्यंत, म्हणजे सगळी मुळाक्षरं आली की! या चाळणीतून पुसेगाव बाहेर पडतं ते ‘पसगव’ होऊन. हिंगोलीचं जे होतं ते इथे छापण्यासारखं नाही. वाचकांनी स्वतः करून पाहावं.

संगणकासाठी प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘पुसेगाव’ सात खुणांनी लिहिलं जातं. प, स, ग, व ही चार अक्षरं. उकार, मात्रा आणि काना या तीन खुणा वेगळ्या. त्यांचे क्रमांक ‘ह’च्या पुढे आहेत, अनुस्वाराचा ‘अ’च्या मागे. पाय मोडायची खूणही ‘ह’च्या पलीकडेच, त्यामुळे ज्ञानेश्वरचं ‘जञनशवर’ होतं.

यावर उपाय म्हणजे देवनागरीच्या सगळ्या १२८ जागा वर्गात घेणं. जोडीला मोकळी जागा आणि आडवी रेघ. रेघ शेवटी, नाहीतर ती ‘पासून-पर्यंत’ अशी वाचली जाते.

तरीही एक गोम उरते. अर्ध्या ‘र’चं आडवं रूप काही कीबोर्ड एका अदृश्य जोडखुणेने काढतात आणि ती या १२८ जागांत नाही. ती पुसली गेली, की जेवणावळीच्या यादीतल्या ‘आचार्‍यांना’ दिलेली रक्कम ‘आचार्यांना’ दिल्याची नोंद होते. ती खूणही वर्गात घ्यावी लागते. नुसतं कोड वाचून ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे तिचा युनिकोड क्रमांक, २००डी, लिहितात.