नाममुद्रा आणि नवा गीतकार

आज फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. आज मध्यान्ही देहूस इंद्रायणीच्या काठी, नांदुरकीच्या वृक्षाभोवती सहस्रावधी भाविक उभे असतील आणि महाराजांच्या वैकुंठगमनाच्या स्मरणाने त्यांचे कंठ दाटून येतील. अशा पुण्यदिवशी गीतलेखनाचा व्यवसाय, ध्वनिमुद्रण, करारपत्र असले विषय आम्ही काढावेत, हे काही वाचकांस रुचणार नाही. परंतु ज्या प्रसंगाने आम्हांस लेखणी हाती घ्यावयास लावले तो ऐकल्यावर, हा विषय बीजेशी किती निगडित आहे हे सुज्ञांच्या ध्यानी येईल.

गेल्या माघात लोणावळ्यास एका अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. आरती आटोपून आम्ही बसलो असता एक तरुण पुढे आला. दिवसा चिक्कीच्या कारखान्यात पाक करावा आणि रात्री आपल्या मावळातील गावच्या भजनी मंडळात टाळ धरावा, हा त्याचा नेम. नमस्कार करून त्याने पिशवीतून एक वही व एक छापील कागद काढला.

"महाराज, मी गाणी लिहितो. विठ्ठलाची, एकवीरा आईची. एका कंपनीवाल्यांना आवडलीत. बीजेच्या आत सही करून द्या म्हणतात. एकदा कागद बघता का?"

वही वाचली. काही पदे कच्ची होती. दोन-तीन मात्र अशी, की वाचता वाचता आमचे बोट आपोआप मांडीवर ताल धरू लागले. मग कागद पाहिला. तो इंग्रजीत होता. मथितार्थ इतकाच, की ध्वनिमुद्रणाचा खर्च गीतकाराने सोसावा आणि गीतांचे सर्व हक्क कायमचे कंपनीस द्यावेत. गीतकाराचे नाव कोठे येईल, याविषयी अवाक्षर नव्हते.

आमच्या काळजात चर्र झाले, कारण या वाटेने आम्ही स्वतः गेलो आहोत. ते १९८६ साल. कॅसेटचा काळ होता आणि आम्ही पंचविशीत होतो. बारा पदे लिहून आम्ही एका कॅसेटवाल्यास नुसत्या तोंडी शब्दावर देऊन टाकली. नारळ आणि उपरणे मिळाले, त्यातच कृतार्थ झालो. दोन वर्षांनी चैत्रात कार्ल्याच्या यात्रेत एका दुकानाच्या कर्ण्यातून आमचेच पद कानी आले. कॅसेट हाती घेऊन पाहतो तो गीतकार म्हणून दुसरेच नाव! याहून मोठे दुःख पुढे होते. अखेरच्या कडव्यातील आमची मुद्रा काढून तेथे भलताच शब्द बसविला होता, आणि त्यामुळे छंदही मोडला होता. भांडावे तर हाती कागद नव्हता. वहीची दुसरी प्रतही नव्हती.

म्हणून त्या रात्री आम्ही त्या तरुणास म्हणालो, "बाळ, सही आज राहू दे. आधी वही पाहू, मग कागद पाहू."

प्रथम वहीविषयी. अकराव्या शतकातील काश्मीरचा पंडित मम्मट याने आपल्या 'काव्यप्रकाशा'त काव्याचा हेतू त्रिविध सांगितला आहे. जन्मजात प्रतिभाशक्ती, लोकव्यवहार, शास्त्रे व पूर्वकवींची काव्ये यांच्या अवलोकनाने येणारी निपुणता, आणि जाणत्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास. ही तीन कारणे निरनिराळी नव्हेत, तिन्ही मिळून एकच हेतू होतो, असा त्याचा अभिप्राय. नवा गीतकार पहिल्या कारणावर विसंबतो आणि उरलेल्या दोहोंना कंटाळतो.

महाराजांनी काय केले? ते वाण्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ. दुष्काळाने घर व व्यापार दोन्ही उद्ध्वस्त झाली. आपला वृत्तान्त सांगणाऱ्या अभंगात ते म्हणतात, की आरंभी कीर्तनाचा अभ्यास नव्हता; संतांची काही वचने श्रद्धेने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. नामदेवरायांचा स्वप्नातील आदेश आणि कवित्वाची स्फूर्ती त्यानंतर! महाराष्ट्राच्या श्रेष्ठ गीतकाराचा आरंभ दुसऱ्याच्या पालुपदाने झाला, हे आज गीत लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावे.

धृपद धरताना काय साधते? शब्द गळ्यात कोठे बसतो, श्वास कोठे संपतो, समाज कोणत्या ओळीवर आपणहून साथ देतो, हे कळते. त्या तरुणाच्या पदांत एका चरणात पाच अक्षरे, तर दुसऱ्यात आठ. आम्ही त्यास बोटांवर मोजावयास लावले. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे. लहान अभंगात चरण आठ-आठ अक्षरांचे. लघुगुरूंचे बंधन नाही, म्हणूनच कष्टकऱ्यांच्या मुखी हा छंद सहज बसला. चौथा चरण आखूड असल्याने गाणाऱ्यास थांबावयास आणि टाळकऱ्यांस उचलावयास जागा मिळते.

गीतलेखन पोटाच्या उद्योगासह करता येते काय, असेही त्याने विचारले. का येऊ नये? कोल्हापूरचे जगदीश खेबूडकर शिक्षकी पेशात असतानाच 'रंगल्या रात्री अशा' (१९६२) या चित्रपटाचे गीतकार झाले. आणि शब्द-सुरांची जोडी कशी असावी, याचा धडा १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर आरंभ झालेल्या 'गीतरामायणा'ने घरोघरी दिला. आठवड्यास एक, याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते! ग. दि. माडगूळकरांसारख्या सिद्धहस्तासही वाराचे बंधन पाळावे लागले आणि सुधीर फडके यांच्या चालीशी जुळवून घ्यावे लागले. आधी आपले भजनी मंडळ, मग पंचक्रोशीतील गायक, मग आकाशवाणी वा ध्वनिमुद्रण, हा क्रम आजही खोटा ठरलेला नाही.

आता कागदाविषयी. अभंगाच्या अखेरीस कवी आपले नाव गुंफतो, त्यास नाममुद्रा म्हणतात. छापखाना नव्हता, कायदा नव्हता; त्या काळी मुखामुखी फिरणाऱ्या पदाचा कर्ता ओळखू यावा, अशी ही सोय. तरीही महाराजांच्या मुद्रेने इतरांनी पदे रचली आणि गाथेच्या संपादकांना क्षेपकांचा निवाडा करीत बसावे लागले. म्हणून आमचा पहिला दंडक असा, की थोरांची मुद्रा आपल्या पदास लावू नये आणि आपली मुद्रा दुसऱ्यास पुसू देऊ नये.

दुसरा दंडक प्रतींचा. महाराजांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा आपण जाणतोच. पण याच मावळातील सुदुंबरे येथे ज्यांची समाधी आहे, ते संताजी जगनाडे महाराज अभंग लिहून ठेवीत, हेही विसरू नये. देवाने वह्या तारल्या, भक्ताने प्रती राखल्या. नव्या गीतकाराने प्रत्येक पदाची दिनांकासह दुसरी प्रत ठेवावी.

तिसरा दंडक कायद्याचा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार गीत लिहिले जाताच हक्क कर्त्याचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. तो कर्त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क देणे लेखीच व्हावे लागते, आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. हक्क दिला तरी आपण कर्ता आहोत असे सांगण्याचा अधिकार उरतोच. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रित गीताच्या वापरातून येणाऱ्या मानधनात गीतकाराचा बरोबरीचा वाटा राखला आहे. तो वारसांखेरीज वा गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वहक्क संस्थेखेरीज कोणास देऊन टाकता येत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही अशी संस्था १९६९ पासून आहे आणि गीतकारास तिचे सभासद होता येते. न कळणाऱ्या भाषेतील कागद मात्र जाणत्या वकिलाने वाचून दाखविल्यावाचून त्यावर सही करू नये.

येथे एक शंका उभी राहते. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, असा महाराजांचा कठोर दंडक असता देवाच्या गाण्याचा हिशेब मागावा काय? आम्ही स्वतः बिदागी घेतो. तेव्हा हा प्रश्न आम्ही मान खाली घालूनच ऐकतो. परंतु धर्मशास्त्र दानाची व्याख्या करताना म्हणते, की आपले स्वत्व काढून घेऊन दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे म्हणजे दान. स्वत्व कशावर आहे हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हातून दान घडत नाही. त्याची वस्तू केवळ जाते. पद देवास वाहावयाचे असेल तर खुशाल वाहावे, पण जाणून. व्यापाऱ्याने त्याच पदावर द्रव्य मिळवावे आणि पाक करणाऱ्या हातास नारळ मिळावा, यास भक्ती म्हणू नये.

पंधरा दिवसांनी तो तरुण आळंदीस आमच्या बिऱ्हाडी आला. नाव, मुदत आणि वाटा कागदावर लिहा, असे त्याने कंपनीवाल्यांना सांगितले होते. तेव्हापासून ते त्याचा फोन उचलत नाहीत.

"महाराज, संधी गेली का हो?"

आम्ही निरुत्तर झालो. कदाचित गेली असेल. आपल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या जखमेपायी आम्ही याची वाट तर अडविली नाही ना, हा विचार त्या रात्री आम्हांस झोपू देईना. सकाळी त्याने वही उघडून एक पद म्हणून दाखविले. अक्षरे चोख होती. अखेरच्या चरणात त्याने प्रथमच आपले नाव घातले होते, आणि ते म्हणताना त्याचा आवाज किंचित कापला.

आज तो इंदुरीजवळच्या भंडारा डोंगरावर आहे. जेथे महाराज एकान्तात बसत, तेथे वडीलधाऱ्यांच्या मागे उभा राहून तो धृपद धरील आणि मंडळाने अवसर दिल्यास ते एक पद म्हणेल. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून देहूस येते, तेव्हा कोठे तिच्या काठी गाथा उभी राहते. उगमाशी ती ओहोळच असते. त्या ओहोळास श्रीतुकोबारायांनी वाट द्यावी, हीच आजच्या बीजेस त्यांच्या चरणी प्रार्थना.