गोळी रोजची, ताट मात्र सर्वांबरोबर

रक्तदान शिबिरात रक्त दिले आणि रक्तपेढीतून बोलावणे आले : रक्तात 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू आहे. माणूस धडधाकट, रोज कामावर जाणारा. पण घर हादरते. कोणी काविळीची माळ घालायला सांगतो, तर कोणी त्याचे ताट-पेला वेगळा काढतो.

बंधू-भगिनींनो, दोन्ही गोष्टी चूक आहेत.

हा विषाणू यकृतात राहतो. सहा महिन्यांनंतरही तो गेला नाही, तर आजार जुनाट झाला असे समजतात. काहीही त्रास न जाणवता वर्षानुवर्षे यकृत खराब होत जाते. पुढे सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. माळेने वा मंत्राने तो हटत नाही.

त्यावर टेनोफोव्हिर आणि एन्टेकॅव्हिर ही औषधे आहेत. दोहोंपैकी एक, रोज एक गोळी. विषाणूची वाढ दबते, यकृत सावरते. मात्र विषाणू बहुधा समूळ जात नाही, म्हणून गोळी अनेक वर्षे, कित्येकांना जन्मभर घ्यावी लागते. 'आता बरे वाटते' म्हणून आपल्या मनाने बंद केली, तर आजार उसळून जिवावर बेतू शकते. प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असे नाही. ते डॉक्टर तपासणीवरून ठरवितात. गोळी नसली तरी नियमित तपासणी चुकवू नये.

खर्चाला घाबरू नका. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांतून तपासणी व औषधे मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

हा रोग रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, एका माठाचे पाणी प्यायल्याने होत नाही. फक्त दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा. घरातील सर्वांनी रक्त तपासून घ्यावे, लागण नसलेल्यांनी लस टोचून घ्यावी. नवजात बाळाला २४ तासांच्या आत लस द्यावी.

वेगळ्या पेल्याचे दुःख आपल्या आजा-पणजांनी भोगले. पाण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सत्याग्रह केला. आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी स्वतःच्या हाताने धुतले-पुसले. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्यांच्या घरात रोग्याचे ताट वेगळे निघावे काय? ज्याला घर दूर लोटते, तो आजार लपवतो, आणि लपवणारा गोळ्याही चुकवतो. त्याला जवळ बसवा, आणि रात्री जेवताना विचारा : आजची गोळी घेतली का?